नात्याच्या रकान्यात काय लिहायचं? फरारबाईंची जन्मनोंद मिळवतानाचा माझा अनुभव

अर्ज तिसऱ्यांदा परत आला त्या संध्याकाळी मी अगदी रडकुंडीला आले होते. पाकिटात माझाच फॉर्म, आणि एका रकान्याभोवती पेनानं केलेला गोल: नोंद ज्या व्यक्तीची आहे तिच्याशी अर्जदाराचं नातं.

मी नगरची. मुलींच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर मनात एकच काम होतं. नगरला मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिस सिंथिया फरार यांची घराण्यासकट नीट माहिती गोळा करायची आणि शाळेच्या ग्रंथालयात ठेवायची. आपल्याकडे त्यांचं नाव सावित्रीबाईंच्या चरित्रात एका ओळीत येतं, सावित्रीबाईंनी नगरला त्यांच्याकडे प्रशिक्षण घेतलं म्हणून. जोतिरावांनीही 1853 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात सांगितलं होतं की फरारबाईंच्या मुलींच्या शाळा नगरला पाहिल्या आणि मन त्या कामाकडे वळलं. जिच्या शाळा पाहून एवढं घडलं, ती बाई कुणाची कोण, कुठल्या गावची, हे आम्हा नगरकरांनाच माहीत नसावं याची मला फार खंत वाटायची.

गाव सापडायला वेळ लागला नाही. न्यू हॅम्पशायर राज्यातलं मार्लबरो. त्या गावाचा इतिहास 1881 मध्ये छापला गेला आणि त्यात गावातल्या घराण्यांच्या वंशावळी आहेत. पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. मुंबईहून 1882 मध्ये निघालेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या स्मृतिग्रंथातून इकडचा सगळा प्रवास जुळवता आला. जून 1827 मध्ये त्या बोस्टनहून निघाल्या आणि डिसेंबरअखेर मुंबईत उतरल्या. तिथे मुलींच्या शाळांची देखरेख केली, तब्येत ढासळली म्हणून 1837 मध्ये मायदेशी गेल्या, 1839 मध्ये परत आल्या आणि नगरला राहिल्या त्या शेवटपर्यंत.

मला हवी होती ती जन्माची मूळ नोंद. अमेरिकेतल्या एका नोंदणी कार्यालयाकडे फेब्रुवारीत अर्ज पाठवला. नात्याचा रकाना रिकामा ठेवला, कारण नातं नव्हतंच. पाच आठवड्यांनी अर्ज अपूर्ण म्हणून परत. दुसऱ्या खेपेला ‘इतिहासाचा अभ्यास’ असं लिहिलं. उत्तर आलं की हे नातं होत नाही, नात्याचा पुरावा जोडा. शिवाय 15 डॉलर फी अमेरिकन बँकेच्या चेकनंच भरायची. माझ्या बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या मुलानं दोन्ही हात वर केले. शेवटी न्यू जर्सीतल्या भाच्यानं चेक पाठवला. मग तिसऱ्यांदा अर्ज परत, कारण चेकवरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळत नाही, आणि त्या रकान्याभोवती हा गोल.

या सगळ्यात जून उजाडला. मला संताप याचा येत होता की न्यू हॅम्पशायरमध्ये शंभर वर्षांपूर्वीची जन्मनोंद कुणालाही बघता येते, तसा नियमच आहे. पण फॉर्म सगळ्यांना एकच, काल जन्मलेल्या बाळालाही आणि 1795 मध्ये जन्मलेल्या बाईंनाही.

फोन करा, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात तिकडे सकाळचे साडेदहा. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, नात्याच्या जागी ‘संशोधक’ लिहा, वर्ष ठळक अक्षरात लिहा आणि अर्ज भाच्याच्याच नावानं करा. दोन मिनिटांचं काम होतं!

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर न्यू हॅम्पशायरच्या गावोगावच्या जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रं आहेत. खातं फुकट उघडता येतं. आधी तिथे शोधा, अर्जाचा विचार नंतर. शोधताना आडनावाची स्पेलिंगं बदलून बघा. मराठीतही फरार, फारार, फॅरर अशी सगळी रूपं सापडतात.

आणि जनगणनेत वेळ घालवू नका. मी तीन आठवडे घालवले. 1840 पर्यंतच्या अमेरिकन जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकीची माणसं वयाच्या रकान्यांत नुसता आकडा म्हणून. म्हणजे 1800 मध्ये पाच वर्षांची सिंथिया ‘दहा वर्षांखालील मुली’ या रकान्यातला एक आकडा. घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव पहिल्यांदा 1850 मध्ये लिहिलं गेलं, तेव्हा बाई नगरला होत्या. 1860 मध्येही नगरलाच. त्यांच्या स्वतःच्या देशाच्या शिरगणतीत त्यांचं नाव कधी आलंच नाही, हे उमगलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

‘परदेशी गेलेली पहिली अविवाहित अमेरिकन मिशनरी’ असं मात्र लिहू नका. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या बेट्सी स्टॉकटन 1822 मध्येच हवाईकडे निघाल्या होत्या, आणि त्याही अविवाहित होत्या. फरारबाईंना मोठं करायला दुसरीचं नाव पुसायचं कारण नाही.

ऑगस्टच्या पावसात पाकीट आलं. पोस्टमनने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिलं. आत एका कार्डाची छायाप्रत होती. ही कार्डं जुन्या गाववहीवरून नंतरच्या कारकुनांनी उतरवलेली असतात, म्हणून मूळ पानाशी ताडून पाहायला विसरू नका. मी उभ्या उभ्याच वाचलं: सिंथिया फरार, 20 एप्रिल 1795. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग आमच्या फाईलमधली त्यांच्या मृत्यूची तारीख काढली, 25 जानेवारी 1862, नगर. दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि भाच्याला फोन लावला.

फाईल आता ग्रंथालयात आहे. तीन वेळा परत आलेला तो फॉर्मही मी तीत लावला आहे. गोल केलेल्या रकान्यात, आता तो कुठेच पाठवायचा नाही म्हणून, मला पहिल्यापासून लिहायचं होतं ते मराठीत लिहिलं आहे: नगरची शिक्षिका.