क्रोनच्या टूलपासून आयपी फोनपर्यंत: आमची वाटचाल

सांगलीत ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत फोन एक्स्चेंजचं, काम सुरू केलं तेव्हा क्रोनचं पंचिंग टूल, म्हणजे फोनची वायर पट्टीत दाबून बसवायचं हत्यार, हीच आमची ओळख होती. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा हा पेअरचा, म्हणजे वायरच्या जोड्यांचा, रंगक्रम आमच्या पोरांना झोपेतून उठवून विचारला तरी चुकत नसे. एमडीएफमधलं, म्हणजे सगळ्या फोनलाईन एकत्र येतात त्या मुख्य पेटीतलं, जंपरिंग (वायरींची जोडणी) बघून काम कुणाच्या हाताचं आहे ते मी ओळखतो. आजही नव्या पोराच्या हातात आधी ते टूल देतो, लॅपटॉप नंतर.

मार्केट यार्डातले हळदीचे एक अडते, आम्ही त्यांना शेठच म्हणतो, आमचं सुरुवातीपासूनचं गिऱ्हाईक. त्यांना पेढी आणि कुपवाडचं गोदाम एकाच एक्स्चेंजवर हवं होतं. आम्ही आयपी फोनचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरून चालणाऱ्या फोनचं, कोटेशन दिलं. त्यात निम्मा खर्च स्विच (नेटवर्कच्या केबली जोडायचा डबा), केबल आणि यूपीएसचा. बाहेरगावच्या एका फर्मनं नेमका तोच भाग गाळून दर पाडला आणि काम नेलं. पाठोपाठ यार्डातली आणखी कामंही.

त्या फर्मनं फोन अन् सीसीटीव्ही एकाच साध्या स्विचवर टाकले. राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे कॉलच्या निरोपातले पत्ते बदलणारी सोय, चालूच ठेवलं. फोन वाजायचा, पण आवाज एकाच बाजूचा ऐकू यायचा. घंटीचा निरोप सिप या पद्धतीनं जातो, आवाज आरटीपी या दुसऱ्या पद्धतीच्या पॅकेटमधून, वेगळ्या पोर्टवर, म्हणजे वेगळ्या दारानं. राउटरनं निरोपातला पत्ता बिघडवला की आवाज भलतीकडंच जातो. खापर मात्र आमच्या जुन्या वायरिंगवर फोडलं. आयपी फोन लॅन केबलवर चालतो, आमच्या पेअरचा त्याच्याशी संबंध काय? पण ‘नेटवरचे फोन म्हणजे डोकेदुखी’ असा यार्डभर बोभाटा झाला, आमच्या हातातली कामं रद्द झाली, पतसंस्थेचे हप्ते थकले.

त्यात ऑगस्ट २०१९ चा महापूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या दुकानातला माल गाळात.

पाणी ओसरल्यावर शेठ स्वतः आले. “त्यांचं सगळं काढा, तुमच्या पद्धतीनं लावा,” म्हणाले आणि आगाऊ चेक दिला. त्या चेकवर आमची फर्म पुन्हा उभी राहिली. फोनला वेगळं व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधला वेगळा रस्ता), आवाजाला प्राधान्य, एएलजी बंद, पीओई स्विच (केबलमधूनच फोनला वीज देणारा) यूपीएसवर. तेव्हापासून तिथला आवाज तुटलेला नाही.

आयपी फोन घेणार असाल तर एवढं करा. जी.७११ या आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत एका कॉलला जाताना अन् येताना प्रत्येकी साधारण ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लागतात, म्हणून लाईन घेताना अपलोडचा वेग विचारा. केबल १०० मीटरच्या आत ठेवा. जुना फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा. पीओई स्विचला यूपीएस नसेल तर लाईट गेली की सगळे फोन मुके. आणि एक्स्टेन्शनचा नंबर हाच पासवर्ड ठेवू नका. सिपचा ५०६० पोर्ट नेटवर उघडा दिसला की चोर तो शोधून काढतात आणि तुमच्या लाईनवरून परदेशी कॉल करतात, बिल तुमच्या नावावर येतं.