नदी चालत ओलांडता येते, मग अडतं कुठे?

मी पुण्यात कोरियन शिकवते. मालिका बघून शिकायला आलेली मुलं दोनचार महिन्यांत नकाशा उघडून बसतात आणि विचारतात, "मॅडम, सीमेवरची तुमेन नदी एवढीशी, हिवाळ्यात गोठतेसुद्धा. मग उत्तर कोरियातली माणसं सरळ चालत का निघून जात नाहीत?"

तुम्हीही हेच विचारलंत म्हणून सांगते. उत्तर कोरियातल्या मुसान शहराच्या आसपास तुमेनचं पात्र खरंच अरुंद आहे. नव्वदच्या दशकात उपासमारीने माणसं पटापट मरत होती, तेव्हा हजारोंनी ती ओलांडली. कित्येक जण तर धान्य, पैसे घेऊन घरी परतायचं म्हणूनच गेले होते.

पण पलीकडे चीन लागतो. निर्वासितांविषयीचा १९५१चा करार चीनने १९८२मध्ये मान्य केला, तरी या लोकांना तो निर्वासित मानत नाही. पोटासाठी बेकायदा घुसलेले म्हणतो आणि धरून परत पाठवतो. पुढे चौकशी, मारहाण, छावणी. म्हणून काठावर पाय ठेवल्याबरोबर लपवणारा दलाल लागतो. दक्षिण कोरियात पोहोचलेल्या ३४ हजारांवर लोकांपैकी सुमारे ७२ टक्के बायका आहेत. लग्न झालेल्या बाईला सरकारी कामावरच्या हजेरीतून सूट असते. ती बाजारात बसते, तिथेच दलालाची ओळख होते. दुसरं कारण वर्गात सांगताना जीभ अडते. चीनच्या खेड्यांत बायको म्हणून विकायला दलालांना बायकाच हव्या असतात.

दक्षिणेची सीमा सुरुंगांनी भरलेली. मग अख्खा चीन पार करून लाओस, आणि तिथून मेकाँग ओलांडून थायलंड. तिथे ही माणसं आपणहून पोलिसांपुढे जाऊन उभी राहतात! थायलंडने (आपल्यासारखीच) त्या करारावर सही केलेली नाही, पण तिथून सोलला पाठवतात. दक्षिणेची राज्यघटना अख्खा द्वीपकल्प आपलाच मानते, त्यामुळे तिथे ती नागरिकच ठरतात.

२००९मध्ये २,९१४ जण पोहोचले होते, २०१९मध्ये १,०४७. जानेवारी २०२०मध्ये कोरोनामुळे उत्तर कोरियाने सीमा बंद केली, कुंपणं वाढवली, जवळ दिसेल त्याला गोळी घालण्याचा हुकूम काढला. २०२१चा आकडा ६३. नदीचं पात्र होतं तेवढंच आहे. २०२४मध्ये तो २३६वर गेला खरा, पण त्यातले बरेच जण आधीच वर्षानुवर्षं बाहेर होते. तुमेन नुकतीच ओलांडून आलेले अगदी थोडे.