दादा डेअरीवर जायला लागला तेव्हा

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे. हे इतकं सरळ लिहायला मला सतरा वर्षं लागली. गावात कुणी विचारलं की आई म्हणायची, "त्याची तब्येत जरा बरी नसते."

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. पहिली दोन वर्षं 'बाहेरचं' बघण्यात गेली, मग डॉक्टर. गोळ्या लागू पडल्या. नसलेले आवाज ऐकू येणं कमी झालं, रात्रीचं ओरडणं थांबलं. पण दादा माजघरातून बाहेरच येईना. दर महिन्याला एसटीनं दवाखान्यात जायचं, दोन तास रांगेत बसायचं, आत दोन मिनिटं. "झोप लागते ना? गोळ्या घेतो ना?" की झालं. आईनं एकदा विचारलं, "पोरगं कामाला कधी लागंल?" "लागेल हळूहळू," एवढंच उत्तर. हे हळूहळू घडवून कुणी आणायचं, ते कुणी सांगितलं नाही.

ते आणलं शेजारच्या गुरुजींनी. निवृत्त माणूस, घरी एक म्हैस. संध्याकाळी किटली घेऊन आमच्या दारात उभे राहायचे. "चल रे, मला एकट्याला ओझं होतंय." नऊ दिवस दादा उठलाच नाही. दहाव्या दिवशी उंबऱ्यापर्यंत आला. पुढच्या महिन्यात डेअरीपर्यंत. तिथं मिळणाऱ्या पावतीवरचे लिटर, फॅट आणि दर हे आकडे गुरुजींनी त्याला वहीत उतरवायला लावले. गोळ्यांमुळे त्याचा हात थरथरायचा, म्हणून तो प्रत्येक आकडा दोनदा लिहायचा, एक चुकला तर दुसरा कळावा म्हणून. ती वही माझ्याकडे आहे.

खूप नंतर 'कोप्सी' या अभ्यासाबद्दल वाचलं. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. तमिळनाडू, गोवा आणि सातारा अशा तीन ठिकाणचे स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण. सगळ्यांना दवाखान्याचे उपचार होतेच. त्यांपैकी १८७ जणांच्या घरी शिवाय प्रशिक्षण दिलेले गावपातळीवरचे कार्यकर्ते जायचे. गोळ्यांकडे लक्ष द्यायचं, घरच्यांना आजार समजावून सांगायचा, माणसाला पुन्हा कामात, लोकांत आणायचं. सातारा हे नाव वाचलं आणि मी वाचायची थांबलेच. आमच्याकडे त्यातलं कुणी आलं नव्हतं. आमच्याकडे गुरुजी आले होते.

वर्षभरानंतर दिसलेला फरक मोठा नव्हता, हे संशोधकांनीच लिहिलंय. लक्षणांत थोडा, आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणींत थोडा. मला तो दुसरा थोडा फार महत्त्वाचा वाटतो. आंघोळ आपली आपण करणं, डेअरीवर चारचौघांत उभं राहणं, हे मोजपट्टीवर एखाद्या गुणाचंच असेल. आमच्या घरात त्यामुळे आईला पाच वर्षांत पहिल्यांदा माहेरी मुक्कामाला जाता आलं. आणि गोळ्या सोडून हे झालं असतं असं कुणी समजू नये, दादाच्या गोळ्या अजून चालू आहेत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात समाजात राहण्याचा हक्क लिहिलेला आहे. तो हक्क दादाला एका म्हशीच्या निमित्तानं मिळाला.

गुरुजी गेले त्याला आता चार वर्षं झाली. म्हैस त्यांच्या मुलानं विकली. दादा महिनाभर डेअरीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायचा, मग तेही बंद झालं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, मी पुण्यात. मागच्या महिन्यात मी एका सरकारी दवाखान्यात फोन करून विचारलं, घरी येऊन भेटणारं कुणी आहे का? पलीकडच्या बाई मायेनं बोलल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही पेशंटला घेऊन या ना."