घारे डोळे

मे महिन्यात गुहागरला गेलो की माळ्यावरच्या जुन्या रहस्यकथा खाली यायच्या. वाळवीने खाल्लेल्या, बऱ्याचदा शेवटची पानंच नसलेल्या. पण अडायचं नाही. ज्याचे डोळे घारे आणि गालावर व्रण, तो खुनी. हा शोध आत्याला सांगितला, तर ती फणसाचे गरे काढता काढता म्हणाली, "मग आपल्या घरातला कोण रे?" आमच्याकडे मांजरासकट सगळे घारे.

पुढे कळलं, हे दुखणं साता समुद्रापारचं आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. पाचवा असा : कथेत चिनी माणूस नको. नुसता वाचला तर नॉक्सच वर्णद्वेष्टा वाटतो. खरं तर तेव्हाच्या सवंग कथांमध्ये ऊठसूट चिनी खलनायक असायचा, त्या आळसाची तो टर उडवत होता. पण टर विरून जाते, ओळ तेवढी उरते.

मालिकांमध्ये आता आमची पाळी. कोकण म्हटलं की कौलारू घर, कंदील, आणि पाहुण्याला "रातीचा तिकडे जाव नको" सांगणारा, टक लावून बघणारा गडी. अहो, विजेचं बिल भरतो आम्ही! आणि मालवणी बोलायला आमचं गुहागर काही मालवणात नाही. एकदा चिडून निषेधाचं पत्रही लिहायला घेतलं होतं. दीड पान झालं.

ते तसंच पडलेलं असताना एप्रिलमध्ये बागेतल्या खोपीतून आंब्याच्या चार पेट्या गेल्या. चुलतभावाचा फोन आला. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या डोक्यात राखणीचा नेपाळी येऊन उभा राहिला होता. आठ हंगाम आमच्याकडे काढलेला माणूस. पुरावा काय, तर तो नेपाळचा! मी तोंडाने काही बोललो नाही, एवढंच.

शनिवारी गेलो. आम्ही दोघं भाऊ घसा खाकरत उभे, तर त्यानेच खिशातून वही काढून पुढे धरली. तारीख, वेळ, टेम्पोचा नंबर, पेट्या चार. टेम्पो चिपळूणचा. भावाने सासुरवाडीला पाठवलेल्या पेट्या तो स्वतःच विसरला होता.

भावाचे डोळे, सांगायला नकोच, घारे.