भिंतीवरचे श्रोते

मे महिन्यात आमच्या वाचनालयाच्या अंगणात रोज संध्याकाळी पाण्याचा सडा पडायचा. धूळ बसली की सतरंज्या अंथरायच्या आणि त्यांच्या मागे मंगल कार्यालयातून मागून आणलेल्या लोखंडी खुर्च्या लावायच्या. खुर्च्या उघडताना बोटं चिमटायची, तरी त्या कामासाठी आम्हा पोरांत भांडणं लागत. सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. जत्रा उरकलेल्या, परीक्षा संपलेल्या. लग्नसराईतून उरलेल्या संध्याकाळी व्याख्यानमालेच्या.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी तशा माला निघाल्या. पुण्याची २१ एप्रिल ते २० मे चालते, नाशिकची गोदाघाटावर अख्खा मे महिना. आमची आठवडाभराची. त्याहून जास्त वक्ते परवडत नसत. आमचं वाचनालय म्हणजे काही १८२८ चं रत्नागिरीचं नगर वाचनालय नव्हे की १८४० चं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय नव्हे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर सरकारी अनुदानाच्या आधारानं जी वाचनालयं उभी राहिली, त्यांतलंच हे एक.

विषय ठरवायची बैठक मार्चमध्ये व्हायची आणि ती व्याख्यानांपेक्षा रंगायची. एक दिवस शिवचरित्र, एक दिवस संतसाहित्य, शेवटच्या दिवशी कविसंमेलन, इथवर एकमत. शनिवार विनोदी वक्त्याला राखीव, कारण पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मंडळी त्या दिवशी घरी आलेली असत. मग उरलेल्या दिवसांवर जुंपायची. मधुमेहावर बोलणाऱ्या डॉक्टरांना बसायला जागा पुरत नसे, समीक्षकांच्या दिवशी मात्र सतरंज्या दिसत राहायच्या. तरी ग्रंथपालबाई दरवर्षी समीक्षेचा एक दिवस हट्टानं मागून घेत.

वक्ते दुपारच्या एसटीनं येत आणि कुणाच्या तरी घरी जेवत. मे महिना म्हणजे आमरस. दोन वाट्या रस पोटात गेल्यावर त्याच माणसाकडून साडेसहाला ओजस्वी भाषणाची अपेक्षा करणं जरा अन्यायाचंच होतं. त्यात आमच्याकडे वक्त्यांचा परिचय करून देण्याचा मान वाटून घेतलेला असे, आणि ज्याला तो मिळे तो वर्षभराचं साठलेलं बोलून घेई.

अंगणाला कमरेएवढी दगडी भिंत होती आणि भिंतीपलीकडे एसटी स्टँडाचा रस्ता. खरी गर्दी त्या भिंतीला. पाटी उतरवून टेकलेल्या भाजीवाल्या, ड्यूटी संपलेले कंडक्टर, बाजार समितीतले हमाल, सायकलचा दांडा मांडीला लावून उभी असलेली कॉलेजची पोरं. ही मंडळी व्याख्यानाला म्हणून आलेली नसत. घरी जाता जाता कानावर काही पडलं, पाय थांबला, इतकंच. कंटाळा आला की निघून जात, त्यात कुणाला अवघडल्यासारखं होत नसे. सतरंजीवरून मध्येच उठायला धैर्य लागतं. म्हणून वक्ता चांगला की वाईट हे मी भिंतीकडे बघून ठरवायला लागलो. हुशार वक्तेही ते ओळखत आणि दहा मिनिटांनी त्यांचा आवाज आपोआप भिंतीपर्यंत जाई, भाषाही थोडी सैल होई.

प्रश्न चिठ्ठीवर द्यायची पद्धत. ज्ञानेश्वरीवरच्या व्याख्यानानंतर अध्यक्षांनी एक चिठ्ठी गंभीरपणे माइकवर वाचली, "एमएच ११ ची पांढरी जीप गेटात लावली आहे, दुधाचा टेम्पो अडकलाय." वक्ते म्हणाले, "हा आजचा सर्वांत व्यवहार्य प्रश्न." टाळ्या सर्वांत जास्त त्याला.

पण मला सर्वांत आठवतं ते वळवाचं व्याख्यान. पेशवेकालीन मोडी कागदपत्रांवर एक अभ्यासक बोलत होते. विषय कोरडा, भिंतही अर्धी रिकामी. पंधरा मिनिटांत आभाळ भरून आलं, वारं सुटलं, समई विझली आणि पाठोपाठ वीज गेली. लोकांनी खुर्च्या उलट्या करून डोक्यावर घेतल्या आणि सगळे वाचनकक्षात घुसले. त्यांच्याबरोबर भिंतीवरचेही आत आले, पाट्या, पोती आणि एक कोंबडी घेऊन. मासिकांच्या टेबलावर लोक बसले, एरवी बाईंनी कुणाला बसू दिलं नसतं. कुणीतरी बॅटरी धरली आणि अभ्यासकांनी एका कोठाराचा हिशेब वाचायला घेतला. इतक्या खंडी भात, इतक्या पायल्या, इतकी चिपटी. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ही मापं आता कुणाला नीट माहीत नाहीत.

मागून आवाज आला, "न्हाईत कशी? दोन चिपटी म्हंजी मापटं, दोन मापटी म्हंजी शेर. दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली." बाजार समितीतला म्हातारा मापाडी होता. दशमान मापं येऊन तीसेक वर्षं होऊन गेली होती, पण त्याच्या हातातून जुनी गेली नव्हती. अभ्यासकांनी त्याला पुढं बोलावलं. माप शिगोशीग भरायचं म्हणजे कसं, देताना हात कुठं आखडायचा, पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" का म्हणायचं, हे त्यानं ओंजळीनं करून दाखवलं. अभ्यासक वहीत उतरवून घेत होते. पावसाच्या आवाजात दोघांचं जवळपास तासभर चाललं. आभाराला उभे राहिलेले गृहस्थ मापाड्याचं नाव विचारायला विसरले, त्यावरून पुढच्या बैठकीत बाईंनी त्यांना चांगलंच ऐकवलं.

व्याख्यानमाला अजून होते. निमंत्रण व्हॉट्सअॅपवर येतं, भाषण यूट्यूबवर दिसतं, आमरसाची जागा बिसलेरीच्या बाटलीनं घेतली आहे. यंदा कार्यकारिणीत ठराव आलाय की माला बायपासवरच्या वातानुकूलित सभागृहात न्यावी. उकाडा नाही, डास नाहीत, वळीव आला तर चिंता नाही. कारणं सगळी खरी आहेत, आणि ज्येष्ठ श्रोत्यांच्या गुडघ्यांचा विचार करता खुर्च्याही तिथल्याच बऱ्या. पण त्या सभागृहाला काचेचं दार आहे आणि दारात वॉचमन. पाटी घेऊन कोण आत शिरणार? नाशिककर अजून घाटावर बसतात, फिरायला आलेला माणूस पायरीवर टेकतो आणि ऐकतो. आम्हाला भिंत पुरे. मी ठरावाच्या विरोधात मत देणार आहे, आणि हरलो तर निदान एक कर्णा रस्त्याच्या बाजूला लावा अशी उपसूचना लिहून तयार ठेवली आहे.