साठच्या स्पीडला माझा डावा हात उघडा पडला

पथकात सहा वर्षं ताशा वाजवलाय, त्यामुळे ड्रम्सचा क्लास लावला तेव्हा डोक्यात थोडी हवा होतीच. सरांनी पहिल्याच दिवशी प्रॅक्टिस पॅड पुढ्यात ठेवलं, मेट्रोनोम (ठरलेल्या स्पीडला टिक टिक करणारं यंत्र) ६० ला लावला आणि म्हणाले पॅराडिडल वाजव. म्हणजे उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा, बास. म्हटलं एवढंच? एका टिकला एक ठोका, आणि पाचव्या ठोक्यालाच मी टिकच्या आधी पोचलेली. सेकंदाला एक ठोका म्हणजे मधली रिकामी जागा अक्षरशः खायला उठते.

खरी लाज पुढे. सरांनी मोबाईलवर शूट करून दाखवलं तर उजवी स्टिक दर वेळी सारखीच उंच उठतेय आणि डावी कधी वीतभर, कधी दोन बोटं, आणि 'डावा डावा' मधला दुसरा ठोका तर नुसता टेकवल्यासारखा. आता नदीपात्रात गणपतीआधी प्रॅक्टिस चालते तेव्हा बाजूला तीसेक ढोल वाजत असतात, तिथे माझा डावा ऐकतो कोण! शिवाय ताशाच्या काड्या बारीक आणि पान कडक ताणलेलं, काडी आपोआप उडते, त्या उडण्यावरच माझं सगळं चाललं होतं. हळू वाजवताना ती उडी पुढच्या ठोक्यापर्यंत पुरतच नाही, ठोका मनगटानेच उचलून मारावा लागतो.

आणि पकड. मी स्टिक अशी आवळायचे की दहा मिनिटांत हात कोपरापर्यंत भरून यायचा. अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची, बाकीची बोटं नुसती लागलेली, ठोका बसला की स्टिकला वर येऊ द्यायचं, हे फास्ट वाजवताना कळतच नाही हो, तेवढा वेळच नसतो. (उशीवर प्रॅक्टिस करून बघितली, मनगटाला व्यायाम होतो पण स्टिक उसळतच नाही त्यामुळे हे काही शिकता येत नाही.)

अशी रुडिमेंट्स, म्हणजे ड्रम्सच्या ठोक्यांचे पायाभूत नमुने, ४० आहेत, पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीची १९८४ ची यादी, त्याआधी २६ ची यादी चालायची. मी दीड महिन्यात तीनच करतेय, सिंगल (हातांनी आळीपाळीने एकेक ठोका), डबल (दोन-दोन) आणि हे पॅराडिडल. चाळीस-बिळीस बघू नंतर. तबलेवाल्यांना यात काहीच नवीन वाटणार नाही, ते आधी ठाय म्हणजे संथ, मग दुगुन म्हणजे दुप्पट, मग चौगुन म्हणजे चौपट असंच घोटतात, माझ्या चुलतभावाला लहानपणी तासन्तास एकच कायदा (तबल्यातली एक रचना) वाजवताना ऐकून मी हसायचे.

परवा रात्री पॅडवर बसले होते तर आई आतून म्हणाली, "अगं बाथरूमचा नळ नीट बंद कर गं, केव्हाचा टपटपतोय."

सध्या मेट्रोनोम ६६ वर. चार दिवस सलग डाव्याचा दुसरा ठोका नीट ऐकू आला की मगच ६८, असं सरांशी ठरलंय, आणि काल तिसऱ्याच दिवशी परत गडबडला.