केस असली तर अँब्युलन्सवर घेतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दारव्हा तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, हेच रोजचं. पण अँब्युलन्सवर ड्रायव्हर हवेत म्हटलं की पोरं चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरायला येतात, आणि गर्दी ओसरली की एखादा हळूच म्हणतो, ‘‘भाऊ, माह्यावर केस हाय. मले घेतीन का?’’

केस बहुतेकदा पोळ्याची असते. तोरणाखालून कोणाची जोडी आधी, यावरून काठ्या निघतात आणि दोन्हीकडच्या पाच-सहा पोरांवर हत्याराने मारहाणीचं कलम लागतं, जुन्या कायद्यातलं ३२४. पुढे साक्षीदार फिरतात, सगळे निर्दोष सुटतात. निकालाची नक्कल मात्र कोणी काढून ठेवत नाही. अन् पडताळणीत नाव निघालं की तोच कागद लागतो.

सुप्रीम कोर्टाने २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात सरकारी नोकऱ्यांपुरतं सांगितलंय: माहिती खरी द्या. कोवळ्या वयातली किरकोळ केस लपवली असली तरी साहेब ती पोटात घालू शकतो. खरं सांगितलं तरी घ्यायचंच, अशी सक्ती त्याच्यावर नाही. अँब्युलन्स ठेकेदाराची असली तरी अर्जातला ‘कधी केस झाली का? हो / नाही’ हा रकाना तोच असतो.

पडताळणी म्हणजे नसती कटकट, असं मीही म्हणायचो. मग सप्टेंबर २०२० मध्ये केरळात, पथनमथिट्टा जिल्ह्यात, कोविड झालेल्या मुलीवर १०८च्या ड्रायव्हरनेच गाडीत अत्याचार केला. त्याच्यावर आधीची खुनाच्या प्रयत्नाची केस होती. आपली लेक रात्री एकटी त्या गाडीत बसणार, एवढं डोळ्यापुढे आणलं की मी गप्प होतो. पण ती केस आणि तोरणाची केस एकाच तराजूत घालणाऱ्या साहेबाचाही मला राग येतो.

माझीही एक चूक आहे. एकाला मीच म्हटलं होतं, ‘‘नाही टाक, कोण पाह्यते!’’ सहा महिने त्याने गाडी चालवली. मग पडताळणी आली. काढलं ते केसपायी नाही, त्या ‘नाही’पायी. तो अजून बाजारात भेटला की रामराम करतो. मलाच वर बघवत नाही.

परवाच्या पोराला आधी दारव्ह्याच्या कोर्टात पाठवलं. चार दिवसांनी नक्कल घेऊन आला. ‘हो’वर टिचकी मारली तर खाली तपशिलाला एवढीशी चौकट.

‘‘भाऊ, यात तोरणाचं लिहू का?’’

म्हटलं, ‘‘लिही. मावते तेवढं लिही.’’